बोनटवरचा शेंदूर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला तसं माझं सगळं ठाऊक आहे — लपून ओढलेल्या सिगरेटी, ऑफिसातल्या लाचारीच्या गोष्टी, सगळं. पण हे नाही. आईला सांगायला हवं होतं, तर ती आता राहिली नाही. तुम्हाला सांगतोय, ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा दुसऱ्याच कशासाठी असेल. या प्रकरणात मला कशाचंच खरं कारण कधी सापडलेलं नाही, तर हेच कुठून सापडणार?

गोष्ट गाडी धुण्याची आहे. एवढीशीच. तुम्हाला वाटेल, गाडी धुण्यात कसलं आलंय पाप?

राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली, आणि माझी भोपाळची नोकरी जणू आपल्या पायांनी घरी चालत आली. तेलीबांध्याला आमचं घर. घरात आई, बाबा, मी आणि बायको. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. दारात मी पांढरी गाडी आणून उभी केली — आमच्या खानदानातली पहिली चारचाकी. नावावर माझ्या, चालवायचो मी, पण गाडी होती बाबांची. कारण ती धुवायचे ते.

रायपूरची काळी धूळ तुम्हाला माहीत असेल तर वेगळं सांगायला नको. सकाळी गाडीवरून बोट फिरवलं की काजळ. बाबा उजाडलं की दोन बादल्या घेऊन बाहेर. एक शॅम्पूची, एक साध्या पाण्याची. आईच्या जुन्या लुगड्याचा फडका. आधी टप, मग काचा, मग बोनट, चाकं शेवटी. पुसून झालं की आतल्या डॅशबोर्डला खोबरेल तेल. त्या तेलावर दुपारपर्यंत दुप्पट धूळ बसायची, पण त्यांनी ते सोडलं नाही. म्हणायचे, रायपूरची हवाच खराब, तेलाचा काय दोष.

समोरचे साहूजी रोज छेडायचे, "अंकलजी, गाड़ी है कि दामाद? जब देखो नहला रहे हो!"

"दामाद तो नहाके भाग जाता है," बाबा म्हणायचे, "ये बेचारी खड़ी तो रहती है."

आई ओट्यावरून ऐकायची आणि म्हणायची, "माह्या लुगड्याले जिंदगीत असं जपलं नाही या माणसानं."

आणखी एक सांगायला हवं. ते लपवलं तर बाकीचं सांगून उपयोग नाही. बाबा थोडं विसरायला लागले होते. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणं, नळ चालू ठेवून येणं. या वयात कोण विसरत नाही? घरात 'बाबा विसरले' हा एक विनोद होऊन बसला होता. काही हरवलं की म्हणायचं — बाबा विसरले. ते स्वतःही हसायचे. तो विनोद सुरू कोणी केला? मीच, बहुतेक.

तर दसरा. आई दरवर्षी माझ्या स्कूटरवर कुंकवाचं स्वस्तिक काढायची. त्या वर्षी गाडीवर काढायचं होतं, पण गाडी तर रोज धुतली जाते, कुंकू एका सकाळीत वाहून जाईल. म्हणून तिनं मारुतीला लावतात तसा शेंदूर तेलात कालवला आणि बोनटच्या मधोमध भलंमोठं स्वस्तिक काढलं. बाबा कुरकुरले, "गाडी हाये का देव हाये वं?" आई म्हणाली, "दिवाळीपर्यंत राहू द्या. हात नका लावू." झालं. दुसऱ्या दिवसापासून बाबा स्वस्तिकाच्या कडेकडेनं धुवायला लागले. मधे शेंदूर, भोवती चकचकीत पांढरं.

पण ऊन होतं. तेल ओघळलं. चार-पाच दिवसांत बोनटवर कोणी पान खाऊन थुंकल्यासारखं दिसायला लागलं. आणि सोमवारी माझ्या गाडीत साहेब बसणार होते — भोपाळहून आलेले, कडक इस्त्रीचे, कमी बोलणारे. मला लाज वाटली. शेंदराची वाटली, आईची वाटली, की आम्ही अजून स्कूटरवालेच दिसू याची वाटली? आता वेगळं काढता येत नाही.

रविवार होता. बायको दसऱ्यासाठी गोंदियाला माहेरी गेलेली. बाबांनी नेहमीसारखी गाडी धुतली आणि दूध आणायला गेले. आई पूजेला बसली. मी फडका घेऊन बाहेर आलो. शॅम्पूनं शेंदूर पसरला, निघाला नाही. मग माझं डोकं चाललं — तेलकट आहे ना? तेलकट भांडी कशानं निघतात? मोरीतून तारेची घासणी आणली.

निघालं. अगदी सहज निघालं. मला आनंदसुद्धा झाला. मग पाणी ओतलं, सुकलं, ऊन पडलं — आणि शेंदराच्या जागी एक करडा, मेलेला चट्टा. गोल गोल ओरखडे. बाबांनी गाडीसाठी आणलेल्या डबीतलं पॉलिश चोळलं, तर ते ओरखड्यांत जाऊन बसलं आणि ओरखडे अजूनच उठून दिसायला लागले.

आता इथे मी अडखळतो. कारण त्यानंतर मी ती घासणी शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये फेकली. झुडपांत, लांब. आणि तेव्हा मला अजून कोणी काही विचारलेलं नव्हतं! मग का फेकली? खोटं बोलायचं आधीच ठरलं होतं का? कोणी ठरवलं होतं?

आई बाहेर आली. पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "काहून रे, हे कोनं केलं? अन् माहं स्वस्तिक?"

मी म्हणालो, "बाबांनी केलं असन. सकाळी तेच तं धुऊन राहिले होते."

बघा, गाडी माझी होती. मी तिच्यावर खिळ्यानं नाव कोरलं असतं तरी कोणी मला फासावर दिलं नसतं. आई दोन दिवस बोलली नसती. बाबा म्हणाले असते, भांड्याची घासणी लावतो का रे गाडीले, अक्कल हाये का? आणि ते वर्षभर साहूजींना सांगून हसले असते. एवढंच. एवढ्याला भ्यालो? पस्तिशीतला माणूस? की भ्यालोच नव्हतो, तोंडाला सवयीचा शब्द होता तो फक्त आला? मी खूप उलटसुलट करून पाहिलंय. हाती काही लागत नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. बाबा दुधाची बरणी घेऊन आत आले. आई त्यांच्यावर तुटून पडली. "अहो, हे काय करून ठेवलं तुम्ही? नोको म्हटलं होतं ना हात लावू!"

बाबा बोनटकडे गेले. वाकून पाहिलं. "मी? मीनं नाही केलं वं हे."

इथे तरी थांबता आलं असतं. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. दोघं आपसात भांडली असती, मग मिटलं असतं. पण मी म्हणालो — हसत म्हणालो, तोच घरातला विनोद करत — "बाबा, विसरले का तुम्ही?"

ते हसले नाहीत. माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग बरणी नसलेल्या आपल्या हाताकडे पाहिलं. उलटा-पालटा करून. जणू हातालाच विचारत होते. आणि म्हणाले, "असन बा. केलं असन मीनंच."

सोमवारी साहेब गाडीत बसले. बोनटकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

आठवडाभर बाबांनी गाडीला हात लावला नाही. पुढच्या रविवारी त्यांनी बादल्या भरल्या, फडका भिजवला आणि मला हाक मारली. "दिलीप, जरा इथं उभा राह्य. मी धुऊन राहिलो थे पाह्यत राह्य. काही उलटसुलट केलं तं सांग." मी उभा राहिलो! हाताची घडी घालून उभा राहिलो. ते टप धुवायचे आणि वळून माझ्याकडे पाहायचे. काच पुसायचे आणि पाहायचे. मी मान हलवायचो — ठीक आहे. समोरून साहूजींनी नेहमीसारखं छेडलं, बाबांनी तेव्हाही वळून माझ्याकडेच पाहिलं. त्यानंतर त्यांनी गाडी धुणं हळूहळू सोडलं. मग गॅस लावणं सोडलं. जेवण झालं की आईला विचारायचे, "मी जेवलो ना वं?" विसरले म्हणून नव्हे, खात्री करून घ्यायला. निदान सुरुवातीला तरी तसंच होतं, असं मला वाटतं. पुढे ते खरंच विसरून विचारायला लागले. पण एक संपून दुसरं कधी सुरू झालं ते मला सांगता येणार नाही.

समता कॉलोनीतल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, ही बीमारी आतल्या आत फार आधीपासून चाललेली असते, घरच्यांना कळतही नाही. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! त्या एका वाक्याला धरून मी बरीच वर्षं काढली. आधीपासूनच होतं. माझ्यामुळे काही झालं नाही. आणि खरंही असेल ते. डॉक्टर कशाला खोटं बोलेल? पण बोनट बाबांनी घासलं नव्हतं. बीमारी असो की नसो.

अजून मी मुख्य गोष्ट सांगितलेली नाही. इतका वेळ इकडूनतिकडून चाललोय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

साधारण वर्षानंतरची दुपार. बाबा पोर्चमधे खुर्चीत बसले होते. आई जवळच सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होती. बोनट मी केव्हाच रंगवून घेतलं होतं, तरी नवा पांढरा जुन्या पांढऱ्यात मिसळला नव्हता, उन्हात वेगळा दिसायचा. त्या दिवशी बाबांचे डोळे अगदी स्वच्छ होते. असे दिवस अधूनमधून यायचे. मला म्हणाले, "दिलीप, एक खरं सांग. थे बोनट मीनंच घासलं होतं ना?"

मी बोनटकडे पाहिलं.

"कारण मले तं वेगळंच आठवते," ते म्हणाले. "मले आठवते का मी शेंदराच्या बाजूबाजूनं धुतलं. मंग फडका पिळला. मंग दूध आनाले गेलो. घासल्याचं मले आठवतच नाही."

शब्द न् शब्द खरा होता. वर्षापूर्वीची सकाळ त्या माणसाच्या डोक्यात धुऊन पुसून ठेवल्यासारखी जशीच्या तशी होती. ती त्यांनी माझ्यासमोर ठेवली, आणि मी फक्त हो म्हणायचं होतं — हो बाबा, बरोबर आठवतं तुम्हाला. बाकी काही कबूल करायचीही गरज नव्हती. आई तिथे होती म्हणून बोललो नाही असं मी स्वतःला कितीदा सांगितलं. ती नसती तरी मी तेच बोललो असतो.

मी म्हणालो, "नाही बाबा. तुम्हीच घासलं होतं."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मले जे पक्कं आठवते, थे बी खरं नाही." आणि थोड्या वेळानं, एखादी व्यवहाराची गोष्ट बोलावी तसं आईला म्हणाले, "मंग आता मले एकट्याले बाहीर जाऊ देऊ नका वं."

त्याच संध्याकाळी त्यांनी कुठूनतरी एक कुलूप शोधून काढलं आणि फाटकाला आतून लावलं. स्वतःच्या हातानं. तेव्हापासून ते अंथरुणाला खिळेपर्यंत हाच नेम. मी ऑफिसातून आलो, गाडी आत घेतली, की ते फाटकाला कुलूप घालायचे, ओढून पाहायचे आणि किल्ली आणून माझ्या हातात द्यायचे.

मी ती खिशात टाकायचो आणि चहा प्यायला आत जायचो.