हरणासाठी भरलेला बॉक्स

आमच्या पॅकिंग खात्यात किस्से फार साठतात. हात दिवसभर गुंतलेले आणि तोंड मोकळं, मग दुसरं काय होणार! भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा आमचा कारखाना. वाट्या, ताटल्या, डबे कागदात गुंडाळायचे, बॉक्समध्ये रचायचे, वर प्लास्टिकची पट्टी मारायची. एक किस्सा संपेपर्यंत चार डझन वाट्या सहज होतात. पण गेल्या थंडीत आम्ही हरीण बघायला गेलो, त्या एका सहलीचे किस्से अजून संपायला तयार नाहीत. मी तिथली सुपरवायझर. म्हणजे काहीही व्हायच्या आधी घाम मला फुटतो.

*

सुरुवात तांडेलमामांनी केली. मामा किनाऱ्यावरच्या पालीचे. निम्मं आयुष्य होडीवर काढलं, गुडघे कुरकुरायला लागले तसे आमच्याकडे नग मोजायला आले. मागच्या वर्षी त्यांचा एक डोळा गेला. दुसऱ्याचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी ठरलं होतं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "नजर राहीलच असं मी छातीठोक सांगत नाही."

जेवणाच्या सुट्टीत मामा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "समिंदरातलं सगलं बघून झालं. हरीण तेवढं ऱ्हायलं."

एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला जंगल असलेल्या गावात जन्म गेला, आणि माणसाने हरीण पाहिलं नाही! ज्योतीने लगेच फोन काढला. ज्योती म्हणजे आमची सगळ्यात बडबडी पॅकर. "मामा, मोबाइलवर दाखवू का?"

"मोबाइलवर माझा जावई पन वाघाशेजारी उभा हाय!" मामा म्हणाले.

मंगळवारच्या आधीचा रविवार तिथेच पक्का झाला.

*

ही बातमी शेठपर्यंत पोचली ती सावंतमुळे. सावंत डिस्पॅच बघतो आणि प्रत्येक गोष्ट जरा फुगवून सांगतो. "शेठ, रविवारी आम्ही हरणाच्या मागावर निघालोय," असं त्याने ऑफिसात छाती काढून सांगितलं.

शेठचा चेहरा पांढरा पडला. "अरे, जेल हो जाएगी! फॅक्टरी का नाम आएगा!"

"शेठ, कॅमेरे से!"

शेठ खुर्चीत बसले, पाणी प्यायले. मग हळूच विचारलं, "कॅमेरे का लायसन है?"

*

सामानाची यादी करायची म्हणून सावंतने इंटरनेटवर शोधलं: पहिल्यांदा हरणाच्या मागावर जाताना बरोबर काय न्यावं. परदेशातल्या कुणा शिकाऱ्याची यादी निघाली. तिथे ते कायद्यात बसत असावं. नारिंगी जाकीट, झाडावर चढायची खुर्ची, ओढून आणायला दोर. मी एकेक ओळ खोडत गेले. सहाव्या ओळीवर सावंत अडखळला.

"हरणाचं मूत. एक बाटली."

"अगंबाई! कशाला?" मी ओरडलेच.

"वासाने दुसरं हरीण जवळ येतं म्हणे. ऑनलाइन मिळतं."

ज्योतीने हातातली ताटली खाली ठेवून अगदी गंभीरपणे विचारलं, "रिटर्न घेतात का?"

*

चेणे गावाच्या पुढच्या जंगलात जायची रीतसर परवानगी मिळाली. सोबत येणाऱ्या गार्डने फोनवर बजावलं, "भडक कपडे नको, अत्तर नको आणि आवाज तर अजिबात नको."

आवाजाचं ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर राहीना. सगळं जमेल, पण आमची ही गँग गप्प बसेल? शनिवारी मी प्रत्येकाला सामान घेऊन उभं केलं आणि एकेक वस्तू कानाशी हलवून बघितली. वेफर्सची पिशवी बाद. सावंतचं चर्रकन उघडणारं पाकीट बाद. ज्योतीचे पैंजण बाद. ती "ताई, मला तर ऐकूसुद्धा येत नाहीत!" म्हणत राहिली, तरी बाद.

"जंगलात टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे," असं मी बोट नाचवून सांगत होते, तेवढ्यात माझाच फोन खणखणला. पलीकडून आमचे हे, "अगं, मीठ कुठे ठेवलंयस?"

*

खरा पराक्रम शनिवारी सुट्टी झाल्यावर केला. चार माणसांच्या चार पिशव्या कशाला? आम्ही पॅकिंगवाले! एकाच बॉक्समध्ये सगळं बसवलं. टोपीत टोपी घातली. दुर्बीण कागदात गुंडाळली, सावंतचा कॅमेरा मध्यभागी, भोवती पोळ्यांचे डबे, कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्या. हलवून पाहिलं, आत काही हलेना.

मग मला वाटलं, प्रथमोपचार राहिला. टेप काढून बघितलं, होता. पुन्हा बंद केलं. मग वाटलं, मामांची शाल? पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा उघडायला गेले तेव्हा सावंतने हात जोडले. "ताई, तुम्ही बॉक्सपासून चार हात लांब बसा!"

त्याने उभी-आडवी पट्टी मारली आणि ज्योतीने सवयीने वर लेबलही चिकटवलं. मामांनी मात्र डोळ्यांच्या थेंबांची बाटली दिली नाही. शर्टाच्या खिशात ठेवून वरून थोपटली.

"मामा, बॉक्समध्ये सेफ राहील."

"पंचवीस वर्सं होडीवर होतो. जे लागतं ते अंगावर ठेवायचं," मामा म्हणाले.

*

रविवारी सकाळी कारखान्याच्या दाराशी एकच बॉक्स उरला होता. तो गाडीत घातला आणि चेण्याला पोचलो. सावंत आणि ज्योतीने तो दोन बाजूंनी धरून गार्डच्या मागे अर्धा तास वाहिला. ओढ्याजवळ एका मोठ्या दगडाआड बसायची जागा गार्डने दाखवली. मी पट्टी कापली आणि बॉक्स उघडला.

वाट्या! सहा डझन चकचकीत वाट्या!

आमची दुर्बीण, कॅमेरा, टोप्या आणि पोळ्या शनिवारी संध्याकाळीच दाराशी ठेवलेल्या मालाबरोबर टेंपोतून नाशिकच्या व्यापाऱ्याकडे रवाना झाल्या होत्या. आकार तोच, पट्टी तीच, वर लेबलही आमच्याच हातचं. टेंपोवाल्याने काय ओळखायचं?

गार्ड वाकून आत बघत राहिला. मग त्याने मान वर केली आणि हलक्या आवाजात विचारलं, "पंगत कुठाय?"

ज्योती तोंडावर ओढणी दाबून हसत होती, पण मला रडूच आलं. मंगळवार दोन दिवसांवर होता. दुसरा रविवार मिळणार नव्हता. "मामा, मी दोनदा उघडून बघितलं हो," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडतेस कशाला, पोरी? डोला मी बरोबर आनलाय."

*

त्यानंतरचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. हरीण सोडा, साधी खारही फिरकली नाही. फिरकेल कशी! सावंत दर पाच मिनिटांनी बूड हलवायचा. ज्योतीला आधी मुंगी चावली, मग शिंक आली. मी तर हातातल्या गवताच्या काड्या मोडून ढीग केला होता. उन्हं चढली. गार्ड घड्याळ बघायला लागला. "अजून अर्धा तास थांबू. मग निघावं लागेल."

आणि माझी नजर सारखी त्या उघड्या बॉक्सवर. धूळ बसत होती हो! सोमवारी हाच माल नाशिकला पाठवावा लागणार, एक ओरखडा चालायचा नाही. शेवटी राहवेना. मी एक वाटी उचलून पुसली. ज्योतीने दुसरी घेतली. सावंत कागद सरळ करायला लागला. मोजणी सुरू झाली की आमच्यात कुणी शब्द काढत नाही, आकडा चुकतो. आणि वाटीवर वाटी वाजू द्यायची नाही, हे तर पहिल्या दिवशीच शिकवलेलं असतं. पाहता पाहता गार्डही मांडी घालून वाट्या पुसून देऊ लागला. चौघांच्या माना खाली. जवळचं नीट दिसत नाही म्हणून मामांना तेवढं आम्ही कामाला लावलं नाही. ते ओढ्याकडे तोंड करून दगडाला टेकून बसले होते.

सहा डझन बरोबर भरल्या. ज्योतीच्या मनगटात टेपचा रोल कायम असतो, जंगलातसुद्धा होता. तिने तो ओढला. कर्रर्र!

"गेलं," मामा म्हणाले.

आम्ही दचकून वर बघितलं. पलीकडच्या काठाला झुडूप हलत होतं.

"काय गेलं, मामा?"

"हरीण. नर व्हता. एवढी शिंगं! पानी प्यायलं, मग माझ्याकडं बघत उभं ऱ्हायलं."

गार्ड ओढा ओलांडून गेला, चिखलात वाकून बघून आला आणि त्याने मान डोलावली. खुरांचे ठसे ताजे होते.

"किती वेळ होतं?" मी विचारलं.

"तू पयला डझन भरत व्हतीस, तवा आलं."

"पहिला डझन! मामा, अहो आम्ही चार हातांवर बसलो होतो! एक हाक मारायची नाही?"

मामांनी खिशातून थेंबांची बाटली काढली, डोळ्यात एक थेंब टाकला आणि डोळा मिटून घेतला.

"हाक मारली असती तर तुमी सगली उठली असती, नि ते पलालं असतं. मंगलवारी ऑपरेशन माझं हाय. तुमचं न्हाय."