वगळलेला नमुना

फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये हातमोजे घालून उभी होते, म्हणून दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला तर वहिनी. "हे गेले गं, शुभा..." होसकोट्याच्या कारखान्यात, सकाळच्या पाळीत, दम लागला म्हणून अण्णा मशीनशेजारी बसला तो उठलाच नाही. हृदयविकाराचा झटका.

अण्णा माझा मोठा मावसभाऊ. निपाणीहून पीएचडीसाठी मी बेंगळुरूला आले तेव्हा येलहंक्यातल्या दोन खोल्यांत त्यानं मला वर्षभर ठेवून घेतलं. खाण्याचा भारी नाद. माझ्यासाठी म्हणून लोण्यातले डोसे बांधून आणायचा आणि "स्वल्प चाखतो" म्हणत निम्मे स्वतःच संपवायचा. त्यावरून मी त्याला फार छळायचे.

माझं काम हृदयाच्या धमन्यांच्या आजारावरचं. शरीरात चरबी फोडणारी, साठवणारी विकरं असतात. ती बनवणारी जनुकं किती जोरात चालू आहेत, हे रुग्णांच्या आणि धडधाकट माणसांच्या रक्तात मोजून ताडून पाहायचं. रुग्ण मिळतात, धडधाकट माणसं मिळत नाहीत. मग आम्ही सगळेच आपापले नातेवाईक धरून आणतो. मी अण्णाला आणलं. बारा तास उपाशी राहून ये, खाल्लं की आकडे बिघडतात, असं बजावलं होतं. "एवढंसंच? अजून काढ की," नळी भरताना तो म्हणाला.

आकडे आले तेव्हा आलेखावर अण्णाचा ठिपका धडधाकटांत नव्हताच, थेट रुग्णांच्या घोळक्यात जाऊन बसला होता. मी हसले. खरंच हसले... अण्णा आणि उपाशी? वाटेत डोसा हाणला असणार लबाडानं. वहीत 'उपाशी नव्हता' असं लिहिलं आणि नमुना वगळून टाकला. त्याला एका शब्दानं विचारलं नाही. पुढे त्यानंच विचारलं, "काय म्हणतंय माझं रक्त?" मी म्हणाले, "झकास." "सरी मग, ठीकच की," म्हणून तो खूश झाला.

असल्या एका आकड्यावरून कुणाचं निदान होत नाही, हे मला कळतं. सहकारीही तेच समजावतात. पण एकदा डॉक्टरांना दाखवून ये, एवढं तरी म्हणता आलं असतं. माझी मलाच लाज वाटते.

तेराव्यानंतर वहिनींजवळ बसले होते. त्या म्हणाल्या, "छातीत जळजळतंय म्हणायचे. डॉक्टरकडे चला म्हटलं, की शुभाच्या लॅबनं तपासलंय, झकास आहे, हे उत्तर ठरलेलं." मग किंचित हसल्या. "तुझ्या कामाचं केवढं कौतुक होतं त्यांना. रक्त द्यायला आले त्या दिवशी कॉफीसुद्धा घेतली नव्हती. बसमध्ये चक्कर आली, तरी पाण्यावर राहिले..."

मी तिथंच सगळं सांगून टाकलं. वही, ठिपका, माझं हसणं. वहिनींनी एवढंच विचारलं, "तू जा म्हणाली असतीस, तर गेले असते ना गं?"

"गेला असता," मी म्हणाले.