आईच्या हातचा आटा

आमच्या मागच्या अंगणात सिमेंटचा हौद आहे. त्यात हवेचा पंप बसवून मी फ्रीगंज बाजारातल्या दुकानातून रंगीत मासे आणून सोडले ते आईसाठी. बाबा गेल्यापासून ती गप्प असायची, आणि राम घाटावर जाऊन नदीतल्या माशांना आट्याच्या गोळ्या टाकणं तिला आता झेपत नव्हतं. "सकाळी एकदाच खायला घाला, लगेच संपेल एवढंच," असं दुकानदारानं बजावलं होतं. आई ते मन लावून करायची.

उन्हाळ्यात पाण्याला वास येऊ लागला. मासे वर येऊन तोंडांची उघडझाप करायचे. एका दुपारी मी शाळेत शिकवून आले, तर दोन मासे उलटे तरंगत होते. तळाशी हात घातला, तर आट्याचा चिकट लगदा. आणि स्वयंपाकघरात आई परत आटा भिजवत होती.

"आज घातलं नाही अजून," ती म्हणाली. "भुकेले असतील बिचारे."

घातल्याचं ती विसरत होती, आणि दिवसभर घालत होती.

माझ्यामागून ती हौदाशी आली.

"मी मारले का गं?"

"नाही गं. लाइट गेली होती, पंप बंद पडला. हवा मिळाली नाही त्यांना."

"दुपारभर पंख्याखाली होते मी. लाइट कुठे गेली?" मग हळूच म्हणाली, "लहान पोरीला सांगतात तसं मला सांगू नकोस."

माझी मान खाली गेली. तिची आधीच खाली होती.

आम्ही गाळ काढला. सगळं पाणी एकदम बदललं तर उरलेलेही जातात, म्हणून रोज थोडंच काढायचो. नळाचं पाणी बादल्यांत रात्रभर ठेवून, औषधाचा वास गेला की ओतायचो. आई मदतीला यायची, पण माझ्याकडे बघायची नाही.

"आट्याचा डबा वर ठेव," तीच म्हणाली. "मागितला तरी देऊ नकोस."

दुसऱ्याच दिवशी तिनं मागितला. मी नाही म्हटलं.

"माझ्याच घरात मला आटा मागावा लागतो?" ती ओरडली. फाटकाशी भाजीवाली उभी होती, तिनं सगळं ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी डबा दिला नाही.

बाकीचे मासे वाचले, पाणी निवळलं. आता सकाळी मी तिच्या तळहातावर माशांच्या खाद्याचे चिमूटभर दाणे ठेवते, ती ते पाण्यात सोडते.

परवा आमची हिंदी बोलणारी शेजारीण बिस्किटाचा चुरा घेऊन हौदाशी गेली. आई खुर्चीतून ताडकन उठली. "मत डालो! मर जाते हैं. मेरे हाथ से मरे थे."

आपण जेवलो की नाही, हे तिला आठवत नाही. हे मात्र लक्षात राहिलं होतं. शेजारीण माझ्याकडे बघत राहिली. मी आईला धरून खुर्चीत बसवलं.