गोठलेली लस

लसीच्या डब्यात ठेवायचे आइसपॅक फ्रीझरमधून काढले की लगेच आत घालायचे नसतात. टेबलावर मांडायचे, वर पाणी सुटू द्यायचं, मग एकेक कानाशी धरून हलवायचा. आत खळखळ ऐकू आली तरच तो लसीशेजारी ठेवायचा. नाहीतर लस गोठते, आणि काही लसी एकदा गोठल्या की कायमच्या वाया. नव्या नर्स पोरींना हे मी इतकी वर्षं शिकवलं आहे की त्या माझी नक्कल करतात. घाईत पॅक उचलणारीच्या हातातून मी तो हिसकावूनही घेतला आहे. माझी जीभ जरा तिखटच. नवरा म्हणतो, तू सुई नाही मारलीस तरी चालेल, नुसतं बोललीस तरी टोचतं.

तर ही फजिती माझीच आहे.

सिहोऱ्याच्या पुढे तलावाकाठी एक गाव आहे. महिन्यातून एकदा तिथल्या अंगणवाडीत मी लसीकरण करते. त्या गावात मासे धरणारं एक घर होतं. घरातलं लेकरू साडेतीन महिन्यांचं झालं तरी त्याला दीड महिन्याची सुई लागली नव्हती. सून तयार होती, सासू ऐकत नव्हती.

"चांगल्या भल्या लेकराले टोचून बुखार कायले आणता वो बाई?"

"मावशी, एक दिवसाचा बुखार परवडला. घटसर्प झाला तर का करसान?"

"तुमच्या तोंडाले कोन लागते!" असं म्हणून ती जाळं दुरुस्त करायला बसायची. तीनदा गेले, तीनदा हात हलवत परतले. चौथ्यांदा मी तोंड आवरलं. तिच्याशेजारी बसले, गुडघ्याचं दुखणं ऐकून घेतलं, बीपी मोजलं, काळा चहा प्याले. निघताना ती आपणहून म्हणाली, "येतो बुधवारी. पण एकच खेप. मंग मले बोलवाचं नाई." मी गाडीत बसेपर्यंत हसू दाबून ठेवलं. खरं सांगते, बढतीची ऑर्डर आली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

बुधवारी आमच्या आरोग्य केंद्रात औषधांचं बघणारा माणूस सुट्टीवर, म्हणून फ्रीजही माझ्याकडे. त्यात एक बाळंतीण आली. तिचं सगळं आटपून हात धुतले तोवर उशीर झालेला आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिलेला. मी पॅक काढले आणि भराभर डब्यात घातले. कानाशी एकही धरला नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

धानाच्या रोवण्याचे दिवस होते. बाया बांधीतून, भाताच्या खाचरातून थेट आलेल्या, पोटऱ्यांपर्यंत चिखल. चौदा लेकरं होती. आणि सगळ्यांत पुढे ती सासू, नातवाला स्वतःच्या पदरात गुंडाळून. मागे सून, आनंदानं लाल झालेली. मी डबा उघडला, पाच रोगांवरच्या लसीची बाटली उचलली. बाटलीच्या आत, काचेला बर्फाची चकती चिकटली होती. दुसरी काढली, तिसरी काढली. सगळ्या तशाच.

मुठीत धरली असती तर दोन मिनिटांत पाणी झालं असतं. पाहणाऱ्याला ती पहिल्यासारखीच पांढरी दिसली असती. गावची आशाताई माझ्या खांद्याला टेकून उभी होती. तिनं ते पाहिलं आणि कानात म्हणाली, "बाई, कोनाले मालूम होते? द्या ना. एवढ्या मुश्किलीनं आली हाये ते."

गोठलेली लस काही जीव घेत नाही. फक्त कामाची राहत नाही. कार्डावर खूण पडली असती, रजिस्टरात नोंद झाली असती, सासू एकदाची मोकळी झाली असती. फक्त लेकरू उघडं राहिलं असतं, आणि ते कोणालाच कळलं नसतं. पण आज परत पाठवलं तर ही बाई पुन्हा येणार नाही, हेही मला दिसत होतं. ती बाटली मी बराच वेळ हातात धरून होते. मोह झाला नाही असं म्हणणार नाही.

मग उभी राहिले. "बाया हो, दवा खराब झाली. कोनाची नाई, माहीच चूक हाये. आज सुई भेटनार नाई. पोलिओचे थेंब चांगले हायेत, ते देतो."

एकच गलका झाला. "आमी का रिकाम्या हावो का?" "तिकडं बांधीत बाया खोळंबल्या!" मी सगळं ऐकून घेतलं. सासू ओरडली नाही. तिनं नातवाला पुन्हा पदरात घेतलं आणि इतर बायांना म्हणाली, "पाहिलं? म्हनून मी येत नवती." थेंबसुद्धा न घेता ती निघून गेली. तिच्या मागे सून मान खाली घालून गेली, आणि माझी तिच्याकडे पाहायची हिंमत झाली नाही.

केंद्रावर येऊन मी झालं ते जसंच्या तसं लिहून दिलं. डॉक्टरसाहेबांनी वाचलं, चष्मा काढला. "सिस्टर, फ्रीज बिघडला होता असं लिहिलं तर?" म्हटलं, फ्रीज ठीक होता साहेब, मी नव्हते जागेवर. पुढे तालुक्यातून कारणे दाखवा नोटीस आली, तिलाही हेच उत्तर दिलं. पण त्या बुधवारी संध्याकाळी मी घरी स्वयंपाक करता करता रडले. रागानं रडले, स्वतःवरच्याच.

दुसऱ्या दिवशी परवानगी काढली, नवी लस घेतली, एकेक पॅक कानाशी धरला आणि आशाताईच्या गाडीवर मागे बसून घरोघर फिरले. शिव्या खाल्ल्या, पण बाकीच्या तेरापैकी अकरा लेकरांना सुई लागली. ते घर मी शेवटी ठेवलं होतं. भीतीनं.

सासू अंगणात मासे साफ करत होती. "आज कायले आल्या?"

"माफी मागाले."

तिनं हातातला मासा पुरता साफ केला, मगच बोलली. "काल सांगितलं काहून? गपचूप टोचलं असतं तं मले का समजनार होतं?"

"तुमाले नसतं समजलं, मावशी. लेकराच्या अंगाले समजलं असतं."

ती उठली, राखेनं हात घासले, आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आशाताईनं मला चला अशी खूण केली. मी डबा उचलला तेवढ्यात सासू दारात आली. कडेवर नातू होता, आणि दुसऱ्या हाताला धरलेली अडीच-तीन वर्षांची एक पोरगी. तिला मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. माझ्या कुठल्याच यादीत ती नव्हती.

"मोठ्या पोराची हाये. मायच्या गावी झाली, तिकडं बालाघाटकडं," सासू म्हणाली. "तुमी आल्या का मी हिले मांगच्या दारानं शेजारी धाडत होती. एकबी सुई नाई लागली हिले."

मी नवं कार्ड काढलं. नावाच्या रकान्यावर पेन टेकवून त्या पोरीकडे पाहत राहिले.

"लिहा वो बाई," ती म्हणाली, "मी सांगतो."