बेअरिंगचं लाटणं

आमच्या ह्यांना भोकं पाडता येतात. चेष्टा नाही, त्यांना पगारच त्याचा मिळतो. चाकणच्या एका कंपनीत ते डीप होल ड्रिलिंगच्या मशीनवर आहेत. हातभर लांबीचा पोलादी दांडा घ्यायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार बारीक भोक पाडायचं, तेही मध्ये कुठे तिरकं न जाऊ देता. मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, "काय काम असतं?" ह्यांनी खरं तेच सांगितलं. आई आत येऊन माझ्या कानात म्हणाली, "मुलगा भोकं पाडतो म्हणे. पण कंपनी चांगली आहे."

माझं काम मात्र कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी पोळ्या लाटते. थेरगावात आमच्या आजूबाजूला कंपन्यांत कामाला आलेली, खोली करून राहणारी मुलं पुष्कळ आहेत, कुणी लातूरचं, कुणी जळगावचं. त्यांचे डबे मी करते. भाजी-आमटी काय, कुणीही करील. पण माझी घडीची पोळी सकाळी केलेली संध्याकाळी मऊ असते. मुलं शिफ्ट बदलतात, कंपनी बदलतात, खोली बदलतात, पण डबा बदलत नाहीत. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

तर त्या गर्वाला दृष्ट लागली. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सूज आली आणि मनगट दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर लाटण्याला हात लावायचा नाही, नाहीतर आधी इंजेक्शन आणि मग ऑपरेशन. मी घाबरले. हाताचं तर भय होतंच, पण डब्यांचं जास्त. महिनाभर डबा बंद ठेवला तर मुलं काय उपाशी बसणार आहेत? दुसरीकडे जातील, आणि एकदा दुसरीकडची सवय लागली की कशाला परत येतील? हा व्यवसाय मी एकटीनं उभा केला होता. घरी येऊन सगळं ह्यांना सांगितलं. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लाटणं कुठंय?"

मी दिलं. त्यांनी ते व्हर्नियरनं, म्हणजे कंपनीतल्या बारीक मापाच्या पट्टीनं मोजलं. या टोकाला, त्या टोकाला, मध्ये तीन ठिकाणी. "अगं, याच्यात टेपर आहे, एका टोकाला निमुळतं आहे," ते दचकून म्हणाले. "इतक्या वर्षांत तुझ्या लक्षात नाही आलं?" मी म्हटलं, पोळीच्या लक्षात आलं नाही, तर माझ्या कुठून येणार. मग त्यांनी पोळपाट मोजला, ओट्याची उंची मोजली, कणकेचा एक गोळा वजन करून पाहिला आणि निदान सांगितलं. लाटणं तळहातात घासत फिरतं, म्हणून मनगटावर लोड येतो. तेव्हा लाटण्याला आरपार भोक पाडायचं, त्यातून स्टीलचा दांडा घालायचा, दोन टोकांना बेअरिंग बसवायचे. मुठी जागच्या जागी राहणार आणि लाटणं आपलं आपण फिरणार. "मनगटाला कामच उरणार नाही!" ऐकायला इतकं गोड वाटलं की मी हो म्हणून बसले. दुखणाऱ्या माणसाला कुणीही काहीही विकावं.

आमच्या गॅलरीत ह्यांचं लाकूड कातायचं छोटं लेथ मशीन आहे. तोवर त्याच्यावर भोवरे झाले होते आणि एक मेणबत्तीचा स्टँड झाला होता, तो कधी सरळ उभा राहिला नाही. साध्या ड्रिलनं लाकडात लांब भोक पाडलं की ते लाकडाच्या रेषांबरोबर भरकटतं आणि भलतीकडून बाहेर येतं, असं ह्यांचं म्हणणं. म्हणून झिजून रद्द झालेलं एक डीप होल ड्रिल त्यांनी साहेबांना विचारून, रीतसर गेटपास करून घरी आणलं. दिसायला लांबलचक विणायची सुई. पोटातून पोकळ, आणि अंगावर टोकापासून मागपर्यंत एक खाच. पोकळीतून कूलंट आत सोडायचं, म्हणजे ते मशीनवर वापरतात ते दुधासारखं पांढरं पाणी, आणि ते पाणी आतला कीस घेऊन खाचेतून बाहेर येतं. ह्यांनी टोकाला लाकडासाठी नवीन धार लावली, तेवढ्यात माझ्या घासून ठेवलेल्या विळीलाही लावली, एवढा एकच फायदा.

अडचण अशी आली की मशीन शिवणयंत्राएवढं आणि ड्रिल लाटण्याहूनही लांब. मावेना. मग ह्यांनी मशीनला एक लांब फळी जोडली आणि ती गॅलरीच्या दारातून थेट माझ्या ओट्यावर आणून ठेवली. लाकूड गॅलरीत फिरणार आणि हे स्वयंपाकघरात उभे राहून ड्रिल त्याच्यात ढकलणार. "ड्रिल फिरवायचं नाही, लाकूड फिरवायचं, मग भोक सरळ जातं," हे त्यांनी मला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, दूधवाल्यालाही सांगितलं. मी गॅसची शेगडी खाली जमिनीवर घेतली आणि तिथंच बसून डावा हात टेकवत, उजवा वाचवत पोळ्या लाटू लागले.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. त्या दिवशी ह्यांचे क्वालिटी खात्यातले एक मित्र, मी त्यांना भाऊजी म्हणते, मोजमापाची पेटी घेऊन हजर झाले. "वैनी, चहा मागून. आदी रनआउट बघू," म्हणाले, आणि लाकूड डुगडुगत फिरतं का ते पाहायला त्यांनी डायल गेज लावला. लाकडावर! फर्निचरवाल्यानं फेकून दिलेल्या शिसमाच्या तुकड्यावर! मी विचारलं, "पाणी लागेल का काही?" दोघांनी एकदम माझ्याकडे वळून पाहिलं. "कूलंटशिवाय ड्रिल चालवायचं? पाप लागेल, वैनी."

तर पाप लागू नये म्हणून त्यांनी आमच्या कूलरची मोटर काढली, बादलीत कूलंट कालवलं आणि नळी ड्रिलला जोडली. सुरुवात झकास झाली. पांढरं पाणी खळखळ गेलं, तपकिरी होऊन परत आलं, ओट्यावरून ओघळलं. दोघे एकमेकांकडे बघून माना डोलवत होते. मग आतून एक किंकाळी आली, पट्टा घसरला, जळका वास सुटला आणि सगळं जागच्या जागी थांबलं. लाकडानं पोटभर पाणी पिऊन ड्रिल घट्ट आवळलं होतं. ड्रिल निघेना, लाकूड निघेना.

"फुगलं," हे अगदी हळू म्हणाले.

लाकूड पाण्यानं फुगतं हे या दोघांना माहीत नव्हतं असं नाही. दर पावसाळ्यात आमच्या बाथरूमचं दार फुगतं आणि हेच त्याला लाथ मारून उघडतात. पण दारात कुणी ड्रिल घातलेलं नसतं, त्यामुळे ते ज्ञान त्या खात्यात गेलंच नव्हतं. ते फुगलेलं लाटणं ड्रिलसकट गच्चीवर वाळत पडलं, माझ्या कुरडयांशेजारी. वाळलं, तडकलं, तेव्हा कुठे ड्रिल सुटलं. तोवर माझा अंगठा आणखी सुजला होता. रात्री कूस बदलली तरी कळ यायची.

पुढच्या गुरुवारी शिसमाचा दुसरा तुकडा लावून पाण्याऐवजी हवा वापरायचं ठरलं. आमच्या इमारतीखाली चाचांचं पंक्चरचं दुकान आहे. चाचा मोठ्या मनाचे. "भाभी, हवा काय, पाहिजे तेवढी घ्या. फक्त गिऱ्हाईक आलं की नळी काढावी लागेल हां." कॉम्प्रेसरची नळी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून वर आली आणि ड्रिलच्या पोटात हवा शिरली. आता खाचेतून कीस बाहेर येतो म्हणजे कुठे येतो, तर ड्रिल ढकलणाऱ्याकडे. म्हणजे स्वयंपाकघरात. ह्यांनी कंपनीचा गॉगल आणि हेल्मेट घातलं होतं. माझ्या कणकेनं घातलं नव्हतं. परातीत भुसा, आमटीत भुसा, देवाच्या फोटोवर भुसा. मध्येच खालून चाचा ओरडायचे, "थांबा, रिक्षा आली!" मग सगळे थांबायचे, रिक्षाच्या चाकात हवा भरायची आणि पुन्हा माझ्या तोंडावर भुशाचं कारंजं.

पण भोक पडलं. आरपार, सरळ. भाऊजींनी लाटणं डोळ्याला लावून पलीकडून माझ्याकडे पाहिलं आणि गहिवरून म्हणाले, "वैनी, केसाचाबी फरक न्हाई. एक्स्पोर्टचा माल हाय राव." दोघांनी हेल्मेटसकट मिठी मारली. दांडा गेला, बेअरिंग बसले. हे एक टिचकी मारायचे आणि लाटणं आपलं फिरतच राहायचं. चाचाही दुकान सोडून बघायला वर आले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी गोळा ठेवला आणि लाटणं फिरवलं. कसलंच वजन नाही, कसलाच अडसर नाही, हात नुसता पुढं-मागं. पोळी लांब झाली. आणखी फिरवलं, आणखी लांब झाली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साधं लाटणं जरा अडतं, पोळीला ओढतं, म्हणून पोळी पोळपाटावर आपली आपण गोल फिरते. हे लाटणं कशालाच अडत नव्हतं, त्यामुळे पोळी जागची हलत नव्हती. गोल करायची तर दर वेळी हातानं उचलून फिरवायची, आणि ती याच दुखऱ्या मनगटानं.

चाचा वाकून बघत म्हणाले, "भाभी, ही पोळी नाही. ही ट्यूब आहे."

भाऊजी हसले. मीही हसले असते, पण ह्यांनी लाटणं उचललं आणि विचारलं, "बेअरिंग जरा टाइट करू का?" तिथं माझा तोल गेला. "हात माझा दुखतोय, लाटण्याचा नाही!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारचा टीव्ही बंद झाला. भाऊजींनी गेज पेटीत घातला. चाचा म्हणाले, "ट्रक आला वाटतं," आणि जिना उतरले. कसला ट्रक, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी ती ट्यूब तव्यावर टाकली आणि रडत रडत भाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तो फळी गायब, शेगडी परत ओट्यावर आणि हे माझं जुनं, टेपरवालं लाटणं घेऊन पोळ्या लाटत होते. शिफ्ट दुपारची घेतली होती. पोळ्या बघवत नव्हत्या. एक चौकोनी, एक त्रिकोणी, एकीला शेपूट. स्टीलच्या डब्याचं झाकण दाबून ते शेपूट छाटत होते. "फिनिशिंग," म्हणाले, माझ्याकडे न बघता. मी स्टुलावर बसले. "मध्ये जाड राहिली," मी म्हटलं. "टॉलरन्स किती?" त्यांनी विचारलं, म्हणजे किती फरक चालेल. "शून्य."

डबे गेले आणि माझा जीव टांगणीला लागला. आता सुटतात मुलं, असं घोकत दुपारपर्यंत मी घरात येरझाऱ्या घातल्या. डबे परत आले ते रिकामे. एकानं मोबाइलवर लिहिलं होतं, "काकू, पोळी जाड होती पण दोनच पुरल्या." मी ते चारदा वाचलं. हे कामावर जाता जाता म्हणाले, "महिनाभर पुरवू त्यांना."

त्यांच्या आठवड्याच्या सुट्टीला दोन्ही वेळच्या पोळ्या त्यांच्यावर आल्या. संध्याकाळच्या निम्म्या झाल्या असतील, तोच त्यांनी लाटणं ठेवलं आणि मनगट झटकलं.

"अगं, इथं अंगठ्याच्या मुळाशी ओढल्यासारखं होतं."

"होतं," मी म्हटलं.

"मग वर कोपरापर्यंत चढतं?"

"चढतं."

पिठाच्या हातानं त्यांनी माझा हात उचलला आणि जपून उलटा केला. "तुला कुठे दुखतं, दाखव बरं," म्हणाले. सगळं घर मोजून झालं होतं, पण हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मला एकदम भरून आलं. मी जागा दाखवली आणि म्हटलं, "आता नाही दुखत तेवढं." खोटं होतं. चांगलंच ठणकत होतं. पण तव्यावरची पोळी करपायला लागली होती आणि मुलं डब्याची वाट बघत होती.