बर्फाच्या कप्प्यातलं औषध

धाकट्या बहिणीच्या मांडीचं हाड गोठ्याच्या उंबऱ्यावर मोडलं. पडली म्हणावं तर नुसती अडखळली होती. हाडं पक्की करणारा एक घटक तिच्या शरीरात जन्मापासूनच धड तयार होत नाही, तो सुईनं बाहेरून द्यावा लागेल, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. दोष आईबाप दोघांकडून आला, हेही सांगितलं. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, मामाची मुलगी केली होती, आमच्याकडे करतात तशी. त्या दिवसापासून ते आईच्या फोटोकडे पाठ करून जेवू लागले.

पहिला महिना बहीण दवाखान्यातच होती. एक्स-रेत हाड सांधायला लागलेलं दिसलं, तेव्हा मी चारचौघांत रडले. मग तिला पासली गावाच्या वर, डोंगरातल्या आमच्या वाडीत आणलं, औषधासाठी फ्रीज घेतला, "आप्पा, थंड ठेवायचं," एवढं सांगितलं आणि नोकरीच्या घाईनं भोर गाठलं.

महिन्यानं पुन्हा एक्स-रे काढला. हाड जराही पुढे सरकलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, औषध कुठे ठेवता?

"बर्फाच्या कप्प्यात," बहीण कौतुकानं म्हणाली. "शेळ्यांची लस ठेवत्यात तसं. गोठलं की आप्पा मुठीत धरून पातळ करत्यात, मग मी टोचून घेते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. गोठलं की ते औषध वाया जातं. महिनाभर पोरीनं उगाच सुया सोसल्या होत्या.

परतताना जीपमध्ये मी दात आवळून बसले. म्हाताऱ्याला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं. खरं तर राग माझाच मला आला होता. तो काढायला दुसरं कुणी नव्हतं.

आप्पा ओट्यावर वाट बघत उभे होते. "जुळलं का गं? म्या जराबी हयगय न्हाई केली. लाईट गेली की खालच्या डेरीतनं बर्फ आणला."

बहिणीनं माझा दंड घट्ट धरला. "जुळतंय, आप्पा," ती म्हणाली.

मी त्याच औषधाच्या नव्या बाटल्या पुढे केल्या. "हे औषध येगळं हाय. खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फ लागू द्यायचा न्हाई."

त्यांनी एक बाटली हातात घेतली, उलटसुलट करून बघितली.

"मग ही मुठीत न्हाई का धरायची?"

"धरा," मी म्हणाले. "गार टोचलं की दुखतं. टोचायच्या आधी थोडा येळ धरा."