उसातली ऊब

"दिलीप गेला," त्याची बायको सुमन फोनवर एवढंच म्हणाली... धाकटा भाऊ गेला आणि मला मात्र सुचलं काय, तर आता उसात कोण बघणार? त्यालाही हेच सुचलं असतं. महिना होत आला, तो घोर काही सुटत नाही.

दिलीप संगमनेरला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा, आणि काळजी करणं हा त्याचा जोडधंदा. आमच्या उसाच्या तोडणीला दरवर्षी तिसगावकडची टोळी येते. बिबट्याची मादी उसातच पिलं घालते आणि तोडणीच्या बायका पहाटे त्याच उसात शिरतात. या एका विचारानं त्याला ग्राफीनचं वेड लावलं. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. अंगातली ऊब न दिसणाऱ्या किरणांनी बाहेर पडते. ते किरण या पापुद्र्यावर झेलून त्याचं उपकरण दिसणाऱ्या उजेडात चित्र करायचं. "अक्का, जनावर दिसायलाच हवं असं नाही, त्याची ऊब दिसली तरी पुरे," म्हणायचा.

गेल्या हंगामात, उजाडताना, तो ते डब्याएवढं उपकरण घेऊन बांधावर उभा राहिला. सरी-सरीतून पाहिलं. सगळं काळं. "काही नाही. चला." टोळीतली मंदाबाई कोयता घेऊन त्याच्या समोरून पुढे गेली आणि दिलीप ओरडला, "थांबा!" धडधाकट बाई समोरून गेली, तरी चित्र काळंच! धूळ बसू नये म्हणून सुमननं मायेनं पुढे तसबिरीची काच बसवली होती. काचेतून आपल्याला दिसतं, पण अंगाची ऊब काच अडवते. त्यानं ती उपटून काढली. मंदाबाई उजळली... आणि तिच्यापुढे, त्याच सरीत, एक मोठा आकार, त्याला बिलगलेले दोन छोटे.

"आगं बया, पिलं हायती!" मंदाबाई पाऊल न वाजवता मागे आली. दिलीप बांधावर बसला. "मी चला म्हणालो होतो, अक्का..." त्यानंतर तो उसाकडे बघण्याआधी उपकरणापुढे स्वतःचा तळहात धरायचा.

परवा टोळी आली. सुमन ते उपकरण घेऊन बांधावर आली. मी तळहात धरला, बोटं उजळली. मग एकेक सरी पाहिली. काही नाही. पण पानांआडचं यात दिसत नाही, हे त्यानंच सांगितलेलं.

"अक्का, जायचं न्हवं?" मंदाबाईनं विचारलं. बायका खोळंबल्या होत्या.

'चला' काही तोंडातून फुटेना. मी उपकरण सुमनच्या हातात दिलं, मंदाबाईचा कोयता मागून घेतला आणि पहिल्या सरीत आधी मी शिरले.